बर्फ न पाहिलेले मास्तर

मास्तर ऑगस्टमध्येसुद्धा लोकरीची टोपी घालायचे. तोही बहारीनमधला ऑगस्ट. गाडीच्या दाराला हात लावला की चटका बसतो, सलमाबादच्या गोदामांच्या गल्लीत दुपारी मांजरही दिसत नाही, आणि हे गृहस्थ कानांवर ओढलेली करडी टोपी, तिच्यावर मोठे हेडफोन अशा अवतारात ऑफिसचा जिना चढून यायचे. मी नवी होते तेव्हा न राहवून विचारलं, "मास्तर, उकडत नाही का हो?"

"थंडीसाठी नाई घालत बाई," ते म्हणाले. "एसीचा आवाज कानात घुसते ना. एकदा घुसला का दिवसभर निंघत नाई."

मग खुर्चीत बसायचे, डोळे मिटायचे आणि बर्फ उडवायच्या यंत्रांचे आवाज ऐकायचे. तेच त्यांचं काम होतं. म्हणजे काम वेगळंच होतं, पण ते त्यांनी तसं करून घेतलं होतं.

आमचं ऑफिस म्हणजे स्पेअर पार्टच्या गोदामावरचा एक मजला आणि चार टेबलं. परदेशातल्या एका वेबसाइटचा मजकूर आमच्याकडे लिहिला जायचा. घरगुती यंत्रांची तुलना करून कोणतं घ्यावं ते सांगायचं. कॉफीची यंत्रं, गवत कापायची यंत्रं, आणि हिवाळा जवळ आला की स्नोब्लोअर. थंड देशांत रात्रभर बर्फ पडला की सकाळी घरापुढची वाट मोकळी करावी लागते, त्यासाठीचं हे ढकलत न्यायचं यंत्र. पुढची फिरणारी पाती बर्फ आत ओढतात आणि वरच्या नळीतून लांब फेकतात. आम्ही प्रत्येक कंपनीला तीन रकान्यांत गुण द्यायचो: टिकाऊपणा, काम आणि पैशाचं मोल. इंग्रजी मी लिहायची. यंत्रातलं कळणारे एकटे मास्तर. आणि ऑफिसात एकानंही बर्फ पाहिला नव्हता.

मास्तर अकोल्याकडचे. तिथे आयटीआयमध्ये शिकवायचे, म्हणून मास्तर. मग बहारीनला एसीच्या कामावर आले आणि वीस वर्षं लोकांच्या गच्च्यांवर चढून त्यांची घरं थंड केली. गुडघे गेले तेव्हा आमच्या मुदीरनं, म्हणजे मॅनेजरनं, त्यांना हा जिना चढायला लावला आणि वर खुर्ची दिली. "यह आखरी सीढ़ी है मास्तर," तो म्हणाला होता म्हणे. मुदीर बहारीनी; पण लहानपणापासून हिंदी सिनेमे पाहिलेला, त्यामुळे त्याचं हिंदी माझ्यापेक्षा बरं होतं.

मास्तर कंपन्यांची नावं कधी घेत नसत. प्रत्येकीला त्यांनी नातं लावून टाकलं होतं. एक होती जावईबापू. दिसायला देखणी, हँडलच्या मुठी गरम राहतात, पुढे दिवा. पण कडाक्याच्या थंडीत दोरीच्या पहिल्या ओढीला सुरू होईल तर शपथ, मान राखावा लागतो. दुसरी मुकादम. आरडाओरडा फार, काम मध्यम. तिसरी थोरली जाऊ. वळवताना जीव जातो, पण रस्ता साफ करणाऱ्या ट्रकनं दारासमोर लोटून ठेवलेला टणक ढीग ती एकटी फोडते. आणि शेवटची मावशी. साधी, पत्रा पातळ, रंग लवकर उडतो. पण सुटे भाग कुठल्याही गावात मिळतात आणि वीस हिवाळे झाले तरी हाक मारली की उठते.

"घ्याची असन तर मावशी घ्या," हा त्यांचा निकाल. मी त्याचं इंग्रजी करायची.

त्यांनी एक चौथा रकाना सुरू केला होता. स्वभाव. मुदीरनं तो पाहिला आणि हात जोडले. "मास्तर, खलास. तीन कॉलम, बस." रकाना गेला. पण मास्तर स्वतःच्या कागदावर पेन्सिलीनं तो भरतच राहिले. एकदा मी डोकावून पाहिलं. 'मुकादम' समोर लिहिलं होतं: आतून भित्रा.

एका जूनमध्ये त्यांच्या डोक्यानं घेतलं की न वापरता गुण देणं म्हणजे लबाडी. शेजारच्या भंगारच्या यार्डात मिश्र मालाच्या एका कंटेनरमधून तीन जुने स्नोब्लोअर आले होते. मास्तरांनी ते तीनही मागून घेतले, साफ केले, सुरू केले. बर्फाचं काय? तर मुहर्रकच्या मासळीवाल्यांना बर्फ पुरवणाऱ्या कारखान्यातून चुरा मागवला, पिकअप भरून. दुपारी तीन वाजता यार्डात ताडपत्रीवर तो पांढरा ढीग ओतला तेव्हा लेबर कॅम्पमधली माणसं भिंतीवर चढून बसली. नेपाळी, बंगाली, पठाण. ढीग डोळ्यांदेखत वितळत होता.

"यल्ला मास्तर, यल्ला!" भिंतीवरून 'चला, चला' असा ओरडा झाला.

पहिलं यंत्र चाललं. बर्फाचा फवारा भिंतीवरून पलीकडे गेला, पोरं असावीत तसे ते दाढीवाले बाप्ये किंचाळले. दुसरंही चाललं. तिसरं सुरू झालं आणि मास्तरांनी पाचसहा पावलांतच ते बंद केलं. टोपी कानांवरून वर सारून ते वाकले.

"काय झालं?" मी विचारलं.

"याच्या पोटात काहीतरी हाये."

मला तर काही वेगळं ऐकू आलं नव्हतं. त्यांनी पाना मागवला, नळी खोलली आणि आत लाकडी पट्टी घालून काहीतरी उकरून काढलं. लाल लोकरीच्या हातमोज्याचं एक बोट. फक्त बोट. काळं पडलेलं, आणि रिकामं.

भिंतीवरच्या सगळ्यांत बर्फ माहीत असलेला एकच माणूस होता, डोंगरातून आलेला एक वयस्क नेपाळी. तो खाली उतरला, त्या यंत्राकडे न बघता त्याच्यापासून लांबून गेला आणि कॅम्पकडे चालू लागला.

मास्तरांनी ते बोट रुमालात गुंडाळून खिशात ठेवलं. "इंजिन बंद केलं तरी पात्यात ताण उरते," ते मला म्हणाले, वर्गात सांगावं तसं. "नळी तुंबली का मानूस हात घालते. त्याले वाटते, बंद हाये. काठी घालाव, हात नाई. लिहून घे."

मी लिहून घेतलं. त्या रुमालाचं पुढे काय केलं ते त्यांनी सांगितलं नाही.

त्यानंतर त्यांचा चाचणीचा हट्ट गेला आणि ऐकण्याचा सुरू झाला. वेबसाइटवर त्यांनी एक नवीन भाग काढायला लावला: तुमच्या यंत्राचा आवाज रेकॉर्ड करून पाठवा, आम्ही दुखणं सांगतो. सूचना मी लिहिल्या. त्याच आठवड्यात माझ्या मुलीच्या शाळेनं कवितापाठाचं रेकॉर्डिंग मागवलं होतं. शाळेच्या सूचनांवरून मीही लिहिलं की आवाज स्वच्छ यावा म्हणून वारा नसेल अशा जागी, दारं-खिडक्या बंद करून रेकॉर्ड करा.

लोक पाठवू लागले, आणि मास्तर बरोबर सांगू लागले. एकाचा पट्टा सैल होता. एकाला वाटत होतं इंजिन गेलं. मास्तर म्हणाले, "इंजिन नाई गेलं. उंदरानं घर केलं." आठवड्यानं त्या माणसाचा मेल आला, एअर फिल्टरच्या डब्यात घरटं सापडल्याचा, फोटोसह.

इथवर ठीक होतं. त्याला अनुभव म्हणता येतं. पण एकदा कुणाची तरी फाइल ऐकून त्यांनी हेडफोन काढले आणि माझ्यापुढे धरले.

"काय बिघडलंय?"

"मशीन चांगली हाये. मानूस एकटा राहाते. बंद केल्यावर तो तसाच उभा हाये, आयक. आत जात नाई. आत जाऊन काय करनार?"

मी ऐकलं. मशीन बंद झाल्यावर नुसती शांतता होती. "असं काय लिहू उत्तरात?"

"लिही का मशीन चांगली हाये," मास्तर म्हणाले. "आन लिही, मशीनच्या निमित्तानं शेजाऱ्याची वाट बी साफ करून देत जा."

मी तेही लिहिलं.

हे सगळं सांगताना मास्तर म्हणजे कुणी अंगात येणारा माणूस वाटेल. ते तसे मुळीच नव्हते. चौदा एप्रिलला, जयंतीच्या दिवशी, पांढरा शर्ट घालून यायचे, अर्धी रजा टाकायचे. ऑफिसात कुणी लिंबू-मिरची टांगली तर ती काढून लिंबाचं सरबत करायचे. "आमच्या बापानं देव सोडले," ते म्हणायचे. "भुताले मी काहून धरू?"

म्हणून पुढचं जे घडलं त्याचा त्रास सगळ्यांत जास्त त्यांनाच झाला.

आमची सुट्टी शुक्रवार-शनिवार. जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी मी मेल उघडले. कॅनडातल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांचा मेल होता, शुक्रवारी आमच्या दुपारी चार वाजता आलेला, म्हणजे त्यांच्याकडची सकाळ. बाहेर वादळ आहे, मशीन गुरगुरते आहे, तुमच्या सूचनेप्रमाणे रेकॉर्ड केलं आहे. खाली नुसतं नाव. सोबत पाऊण मिनिटाची फाइल.

मास्तरांनी ती एकदा ऐकली. मग टोपी काढून टेबलावर ठेवली. तीन वर्षांत त्यांचं डोकं मी पहिल्यांदा पाहिलं. पार टक्कल, आणि घामानं डबडबलेलं.

"बाई, दार बंद हाये."

"कुठलं दार?"

"या मानसाचं. बर्फात आवाज जिरते. आतापर्यंत आयकले ते सगळे जिरलेले होते. हा जिरत नाई. भिंतीवर आपटून परत येऊन राहिला. चार भिंती हायेत, पत्र्याचं दार हाये, आन मशीन चालू. शेवटाले आयक."

मी हेडफोन घातले. इंजिनाचा घोगरा आवाज, आणि अगदी शेवटी कुणीतरी दोनदा खोकललं.

"इंजिनच्या धुरात ईख असते, जहर," मास्तर म्हणाले. "बंद जागी मानसाले कळत बी नाई. झोप येते. खाली बसते. मंग उठत नाई."

मी तारीख पुन्हा पाहिली. शुक्रवार. आज रविवार.

आम्ही मेल लिहिला, दोन ओळींचा. दार उघडा, मशीन बंद करा, उत्तर द्या. फोन नंबर कुठेच नव्हता. मुदीरनं वेबसाइटवाल्यांना फोन लावला. तिकडे रविवारची सुट्टी, कुणी उचलेना. मास्तरांनी आमचंच पान उघडलं, आवाज कसा पाठवायचा ते. त्यांचं बोट एका ओळीवर येऊन थांबलं.

"हे कोनं लिहिलं? दारं-खिडक्या बंद करून?"

"मी," मी म्हणाले.

त्यांनी बोट त्या ओळीवरून काढून घेतलं. मग म्हणाले, "आवाज पाठवा हे तर मीच सांगतलं होतं ना." एवढंच. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

ती ओळ मी त्या क्षणी पुसली. सोमवारी मास्तर टोपीशिवाय आले आणि हेडफोन लावून तीच फाइल पुन्हा पुन्हा ऐकत बसले. मी त्यांच्यासाठी पोळीभाजीचा डबा नेला होता, तो तसाच परत आणला. घरी मला धड जेवण गेलं नाही. नवरा म्हणाला, तुझा काय दोष, कोण माणूस गॅरेजचं दार लावून इंजिन चालवतो? जो सूचना नीट वाचतो तो, असं माझ्या मनात आलं.

मंगळवारी दुपारी उत्तर आलं. त्या गृहस्थांच्या मुलीनं लिहिलं होतं. मी मोठ्यानं वाचलं, वाचता वाचता मराठी करत.

बाबा जिवंत आहेत. हॉस्पिटलमध्ये आहेत, बोलतात, उद्या-परवा घरी येतील. शुक्रवारी सकाळी मी स्वयंपाकघरात होते, तेव्हा घरचा फोन वाजला. पलीकडून कुणीतरी परक्या भाषेत बोलत होतं. एकच शब्द पुन्हा पुन्हा: दार, दार. मला काही कळलं नाही, राँग नंबर म्हणून मी ठेवून दिला. पण त्या आवाजात इतकी भीती होती की मी बाबांना सांगायला गॅरेजमध्ये गेले. ते मशीनशेजारी जमिनीवर पडले होते. आणखी थोडा उशीर झाला असता तर, असं डॉक्टर म्हणाले. आज तुमचा मेल वाचला. तो फोन तुमच्याकडूनच आला होता ना? आमचा नंबर तुम्हाला कुठे मिळाला?

मी वाचायची थांबले. 'दार' हा शब्द तिनं इंग्रजी अक्षरांत जसा ऐकला तसा लिहिला होता.

मुदीर उठून उभा राहिला. "सुभानल्ला," तो हळूच म्हणाला आणि मास्तरांकडे पाहू लागला. मीही पाहत होते.

"मी नाई केला," मास्तर म्हणाले. "शुक्रवारी कुठं फाइल आयकली होती मी? आज आयकून काल कसा फोन करीन?"

"लेकिन मास्तर, दार..."

"जगात दार म्हनणारे हजार लोक हायेत. अरबीत बी दार म्हंते ना घराले? कोनाचा तरी राँग नंबर लागला. मानूस वाचला. खलास!"

पण ते खलास झालं नाही. गोदामात बातमी गेली. खालचे हमाल त्यांना वाट द्यायला लागले. भंगारवाला एक दिवस बायकोचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून घेऊन आला, तिला काय झालंय ते ऐकून सांगा म्हणून. मास्तरांनी त्याला दवाखान्यात पाठवलं आणि त्या दिवसापासून जिन्यावरून कुणाशी न बोलता चढू-उतरू लागले.

मुदीरनं मात्र न सांगता एक गोष्ट केली. आमच्या स्नोब्लोअरच्या प्रत्येक पानावर, तिन्ही रकान्यांच्या वर, त्यानं मोठ्या लाल अक्षरांत ओळ टाकली: आधी दार उघडा, यंत्र बाहेर काढा, मग सुरू करा. वेबसाइटवाले कुरकुरले, वाचक घाबरून पान बंद करतील म्हणाले. मुदीरनं त्यांना उत्तरच दिलं नाही.

पुढच्या आठवड्यात त्या मुलीचा मेल आला. बाबा घरी आलेत, त्यांना तुमच्या मास्तरांशी बोलायचं आहे. मास्तर नको म्हणत होते. मीच गळ घातली. मला तो आवाज ऐकायचा होता; जिवंत आहे हे कानानं ऐकायचं होतं.

गोदामासाठी हिवाळ्यातही चालणाऱ्या एसीच्या घरघरीत मास्तरांना नीट ऐकू येणार नाही म्हणून आम्ही मागच्या छोट्या खोलीत बसलो, जिथे जुन्या फायली होत्या. एसी बंद, दार लावलेलं. फोन स्पीकरवर टेबलावर ठेवला. आधी मुलगी बोलली, मग म्हातारबाबा. त्यांचा आवाज खरखरीत, थकलेला. त्यांनी आभार मानले. मास्तर फोनवर वाकले आणि त्यांच्या त्या खणखणीत इंग्रजीत म्हणाले, "हॅलो सर. यू टेक रेस्ट, सर. मशीन बाय अँड बाय."

फोन पुन्हा मुलीनं घेतला. मग तिनं विचारलं, "हे मास्तर आहेत का?"

मी हो म्हणाले.

"मग ते नव्हते," ती म्हणाली. "फोनवर बाई होती."

मी मास्तरांसाठी मराठी केलं. त्यांचा चेहरा मोकळा झाला, कितीतरी दिवसांनी. "सांगतलं होतं ना मी!" ते टेबलावर हात मारून म्हणाले. "राँग नंबर!" म्हातारबाबा पुन्हा बोलू लागले, मावशी घेऊ की थोरली जाऊ, असंच काहीसं विचारत होते, त्यांच्या भाषेत. बंद खोली कोंदट झाली होती. मास्तरांच्या कपाळावरून घाम ओघळत होता, ते खुर्चीत थोडे डुलले असं मला वाटलं, आणि मला एकदम भीती वाटली.

"मास्तर, दार उघडा," मी म्हणाले. त्यांना ऐकू गेलं नाही. मी ओरडले, "अहो दार! दार उघडा, दार!"

ते दचकून उठले आणि त्यांनी दार उघडलं. गार हवा आत आली.

फोनमधून काहीच येत नव्हतं. मला वाटलं लाइन तुटली. "हॅलो?" मी म्हणाले.

"तो तुमचा आवाज होता," मुलगी म्हणाली. अगदी हळू. "फोनवर तुम्ही होतात."

मास्तरांना मराठी करून सांगावं लागलं नाही. ते दारात उभे होते, कडीवर हात, आणि माझ्याकडे बघत होते. फोन ठेवल्यावर ते म्हणाले, "कोनाले विचारू नको. शोधू बी नको. शोधायले लागलं का मानूस मांत्रिकाच्या दारात जाते."

"पण मास्तर, मी फोन केला नाही हो."

"मले मालूम हाये," ते म्हणाले. "मी बी नोता केला."

मी घरी जाऊन एवढं मात्र केलं: फोनमधले त्या शुक्रवारचे कॉल पाहिले. सकाळी आईचा एक, बाकी काही नाही. नवऱ्याला सहज विचारल्यासारखं विचारलं. तो म्हणाला, "त्या दुपारी? तू इस्त्री करत होतीस. मी तिथेच मॅच बघत होतो की." खरं होतं. मुलीच्या शाळेचे पाच पांढरे शर्ट. एकाच्या कॉलरवर शाईचा डाग होता, तोही मला आठवत होता.

मास्तर त्यानंतर चार महिने राहिले. हेडफोन लावून बसायचे, पण एकदा मी वायर पाहिली, ती कशालाच जोडलेली नव्हती. व्हिसाची मुदत संपत आली तेव्हा त्यांनी नवीन करू नका म्हणून सांगितलं. मुहर्रकच्या विमानतळावर त्यांना सोडायला मी आणि मुदीर गेलो. मुदीर रडला. मास्तरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि मला म्हणाले, "तुह्या कानाले बी सवय लागली आता. आवाज आला तर आयकून घे. नाई आला तर त्याची वाट नको पाहू." मग कानांवर टोपी ओढून आत गेले.

मी त्यांचं म्हणणं ऐकलं. कुणाला काही विचारलं नाही. वर्ष होत आलं. तुलना मीच लिहिते आता. मावशीला सगळ्यांत जास्त गुण देते.

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी मी पोळ्या लाटत होते, बेल वाजली. मी मुलीला हाक मारली, "दार उघड गं, बाबा आले असतील." ती नऊ वर्षांची आहे. मराठी सगळं कळतं, बोलते इंग्रजी.

"धिस टाइम इज समबडी रिअली देअर?" तिनं खोलीतून विचारलं.

"म्हणजे काय?"

तिनं दार उघडलं, बाबांना आत घेतलं, आणि स्वयंपाकघरात येऊन सांगितलं, अगदी सहज. मागच्या हिवाळ्यात एका शुक्रवारी तू माझे शर्ट इस्त्री करत होतीस. बाबा मॅच बघत होते, आवाज मोठा होता. तू एकदम ओरडायला लागलीस, दार, दार. मला वाटलं मला सांगतेस. मी जाऊन उघडलं. "देअर वॉज नोबडी, आई."

पोळी तव्यावर जळली. मी गॅस बंद केला आणि अकोल्याला फोन लावला. मास्तरांनी लगेच उचलला. मी सगळं सांगितलं, मुलगी शेजारी उभी होती. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"मंग पोरीनं ते दार परत लावलं काय?"

मी मुलीला विचारलं.

"नो," ती म्हणाली. "यू डिडन्ट टेल मी टू."

मास्तरांना ते फोनवर ऐकू गेलं असावं. "बरं केलं," ते म्हणाले.